साडेसव्वीस तासांचा दिवस

सरकीच्या कोठीचं दार चार बोटं उघडं होतं आणि आत उजेड होता. विमल शाळेच्या मागच्या अंगणात जिथं होती तिथंच थांबली. सकाळचे साडेसहा वाजत होते. एरवी ती साडेदहाला यायची. आज रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता म्हणून चहासुद्धा न घेता निघून आली होती. काल हैदराबादेहून प्रोफेसर वालूरकरांचं पत्र आलं होतं. तिच्या घेवड्याच्या रोपांनी अंधारात काढलेल्या रेघा त्यांना पसंत पडल्या होत्या, इतक्या की जानेवारीतल्या परिषदेत त्यांवरचा निबंध दोघांच्या नावानं वाचायचं त्यांनी ठरवलं होतं, आणि त्यापाठोपाठ त्यांच्या प्रयोगशाळेत सहायकाची जागा तिला मिळणार होती. पत्र तिच्या पिशवीत होतं. वाटेत कुंडलिकेच्या पुलावर तिनं ते दोनदा काढून पाहिलं होतं. आणि ज्या कोठीत गेल्या तीन महिन्यांत, तिच्या समजुतीप्रमाणं, उजेडाचा कणही शिरला नव्हता, तिथं आत्ता एक पिवळी तिरीप भिंतीवर हलत होती.

तिनं दार ढकललं. आत साळूबाई होती, शाळेची झाडलोट करणारी. समोरच्या भिंतीतल्या कोनाड्यात पणती तेवत होती आणि साळूबाई तिच्यापुढं हात जोडून उभी होती. डाव्या हाताला लाकडी घडवंचीवर घेवड्याची कुंडी, पानाला बांधलेला दोरा, दोऱ्याच्या टोकाची गवताची काडी आणि काजळी धरलेल्या कागदावरून सावकाश सरकणारा बिस्किटांचा डबा. पान आडवं होत होतं. विमलनं ते आजवर कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं, फक्त त्याची रेघ पाहिली होती.

"बाई? इतक्या जल्दी?" साळूबाई दचकून वळली. "झाडाला हात न्हाई लावला मी. बिलकुल न्हाई."

"हे रोज लावता तुम्ही?"

"रोज. झाडून झालं की लावते. वात विझस्तोर थांबते न् कुलूप घालते."

"कधीपासून?"

"शाळा हितं आली तवापासून. आठ वर्सं झाली असतील."

"पण मी सांगितलं होतं ना, हे दार कुणी उघडायचं नाही म्हणून!" आपला आवाज चढला हे विमलला ऐकू आलं.

"कोनाला सांगितलं?" साळूबाईनं विचारलं. तिच्या विचारण्यात उलट बोलणं नव्हतं. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

विमलनं मुख्याध्यापिकाबाईंना सांगितलं होतं. दोन्ही शिक्षिकांना सांगितलं होतं. प्रार्थनेच्या वेळी मुलींना बजावलं होतं, आणि दारावर ठळक अक्षरांत पाटी लावली होती. साळूबाईला वाचता येत नव्हतं. आणि ज्या बाईच्या कमरेला साऱ्या शाळेच्या किल्ल्या लटकत होत्या तिला सांगावं, हे विमलच्या मनात आलंसुद्धा नव्हतं. ती बाहेर आली आणि अंगणातल्या हौदाच्या काठावर बसली. पुन्हा उठली. पुन्हा बसली. मागून कुलूप लावल्याचा आवाज आला.

गोष्ट तशी साधी होती. घेवड्याची पहिली दोन पानं दिवसा आडवी पसरतात, रात्री खाली लोंबतात. झाड झोपतं, असं लोक म्हणतात. पण झाडाला अंधारात कोंडलं, सूर्य दाखवलाच नाही, तरी काही दिवस पानं तशीच वरखाली होत राहतात. का? प्रोफेसर वालूरकरांचं म्हणणं असं की पृथ्वी चोवीस तासांत एक फेरा घेते, तेव्हा दगडातूनही आरपार जाणारं काहीतरी बाहेरून झाडाला रोज हाक मारत असलं पाहिजे. अंधारातली पानं बरोबर चोवीस तासांनी हलली तर ती हाक सिद्ध झाली. दुसरं मत असं, की झाडाच्या आतच काहीतरी चालू असतं, आणि ते पृथ्वीच्या चोवीस तासांशी तंतोतंत जुळेलच असं नाही. विमलनं हैदराबादेला त्यांच्याच एम.एस्सी.च्या वर्गात हे ऐकलं तेव्हा तिच्या अंगावर काटा आला होता. पुढं आई वारली, वडिलांना एकटं ठेवणं शक्य नव्हतं, ती परीक्षा न देता जालन्याला परतली आणि मुलींच्या शाळेत सायन्स शिकवू लागली. शाळा एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या जागेत भरायची. मागं सरकी साठवायची दगडी कोठी होती, बिनखिडकीची, हातभर जाडीच्या भिंतींची. ती पाहिली आणि विमलला प्रोफेसरांचा प्रश्न आठवला. वडिलांचं आठ दिवसांच्या चावीचं घड्याळ, त्यावर फिरणारा डबा, दिव्याच्या धुरावर धरून काळा केलेला कागद. तीन महिने, पाच रोपं. पाणी घालायला ती वेगवेगळ्या वेळी, चाचपडत आत जायची. पाचही रोपांच्या रेघा चोवीस तासांच्या. पाच मिनिटं इकडं नाही की तिकडं नाही.

हाक होती तर. साडेसहाची. करडीच्या तेलाची, एका वातीची. झाड आतल्या आत काहीही मोजत असो, रोज सकाळी तेवढा उजेड त्याला पुरत होता. पणती दिसली की ते आपलं घड्याळ लावून घेत होतं. आणि त्या पणतीचा वास विमलला तीन महिन्यांत आला नाही, कारण कागद काळे करकरून तिच्या स्वतःच्या केसांनासुद्धा तोच वास होता.

त्या दिवशी तिनं सहावीला तापमापी शिकवायला घेतली आणि फळ्यावर दोन वेळा चुकीचा आकडा लिहिला. खडू मोडला. मुली हसल्या तेव्हा तीही हसली आणि हसता हसता तिला वाटलं, कुणालाच कळणार नाही. साळूबाई सांगायला हैदराबादेला जाणार नाही. कोठी जालन्यात, परिषद दूर कुठंतरी. रेघा तर खऱ्या आहेत, त्या मी काढलेल्या नाहीत, पानानं काढल्या आहेत. मधल्या सुटीत जेवणाचा डबा उघडला तो तसाच मिटला. शाळा सुटल्यावर ती घराकडं न जाता मोतीबागेपर्यंत गेली, तळ्याच्या काठानं चालत राहिली, परत फिरली, आणि घराच्या गल्लीच्या तोंडाशी आल्यावर तिला आठवेना की आपण पुलावरून आलो की बाजारातून.

घरी दारावरचा गोणपाटाचा पडदा अजून सोडलेलाच होता. वडील झोपले होते. केशवराव अठ्ठावीस वर्षं जालना स्टेशनात रात्रपाळीचे तारमास्तर होते, निजामाच्या रेल्वेत आणि मग सरकारी. रात्री दहाला जायचे, सकाळी सहाला यायचे. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी त्यांची झोप अजून पाळीवरच होती. उजाडलं की डोळे मिटायचे, दिवेलागणीला उघडायचे. विमलचं सगळं लहानपण त्या दिवसाच्या रात्रीत गेलं होतं. खिडक्यांना गोणपाट, भांड्याखाली फडकं, आईचं बोट सदैव ओठांवर. शेजारची पोरं उन्हात आरडाओरडा करायची आणि विमल आतल्या खोलीत अंधारात बसून वडिलांच्या पापण्यांकडं पाहत राहायची. आबांच्या आत आता किती वाजले असतील? एकदा तिनं हे आईला विचारलं होतं. आई म्हणाली होती, "गप बस, उठतील." त्या गप बसण्याची तिला इतकी सवय झाली की हैदराबादेला वसतिगृहात भर दुपारी कुणी मोठ्यानं बोललं की तिच्या छातीत धस्स व्हायचं. आत्ताही ती चपला हातात घेऊन आत आली, आणि स्वतःच्याच घरात चोरासारखं चालणाऱ्या आपल्या पावलांचा तिला संताप आला. जानेवारी. मोठी प्रयोगशाळा, उंच खिडक्या, दिवसा आवाज करणारी माणसं. त्यासाठी फक्त एक पणती विसरायची.

पुढचे चार दिवस तिनं साळूबाईला टाळलं. त्या बाईला काय सांगायचं हे तिचं ठरत नव्हतं. दिवा लावू नका म्हणायचं? पण पणतीपुढं हात जोडून उभी असलेली ती पाठ तिला दिसायची. तो काही देवाचा कोनाडा नव्हता; त्यात तसबीर नव्हती, टाक नव्हता, कुंकवाचा डागही नव्हता. पाचव्या दिवशी साळूबाईच तिच्यासमोर येऊन उभी राहिली. हातात केरसुणी होती ती तिनं भिंतीला टेकवली.

"बाई, तुम्ही माझ्यावर नाराज झाल्या."

"नाही हो."

"झाल्या. मला दिसून राह्यलं. झाड बिघडलं का माझ्यापायी?"

विमलनं तिला सांगितलं. झाड कोंडलंय कशासाठी, त्याला काय विचारायचंय, दिव्यानं काय झालं. सांगताना तिला वाटत होतं, हिला काय कळणार, आणि सांगता सांगता लक्षात आलं की साळूबाई एकही शब्द सोडत नाहीये.

"म्हंजी," साळूबाई म्हणाली, "अंधारात आतला दिस भाईरच्या दिसापरीस लांब हुतो का आखूड, ते बघायचंय."

"हो. असंच."

"लांब हुतो."

"काय?"

"लांब हुतो बाई. मी मोजलाय." साळूबाई पायरीवर बसली. "ह्याच कोठीत. रझाकारीच्या वक्ताला."

ती मंठ्याकडची. त्या साली जिनिंगात सरकी उपसायच्या कामाला नवरा-बायको दोघं जालन्याला होती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, भादव्याच्या पाडव्याला, गावात जाळपोळ सुरू झाली तेव्हा मुकादमानं या दोघांसकट सहा माणसांना कोठीत घातलं आणि बाहेरून पोती रचून निघून गेला; तो परत आलाच नाही. आत गुळाची ढेप होती, फुटाण्यांचं गाठोडं होतं, एक घागर पाणी होतं. उजेड नव्हता. आगपेटी होती, पण आसपास सगळी सरकी, कुणाची काडी ओढायची छाती होईना. झोपून उठलं की साळूबाई सरकीचा एक दाणा पदराच्या गाठीत बांधायची. एक झोप, एक दाणा. पाच दाणे झाले आणि घागर संपली.

"मंग आमचे मालक उठले. पोती सारली. दार उघडलं तवा रात व्हती, चांदनं मावळाया गेल्तं. एक घागर आनून दिली त्यांनी दारात. दुसरी आनाया गेले. मी दाराशीच बसल्ते. मंग आवाज आला. बंदुकीचा." ती थांबली. रडली नाही. "कोनी तरी पोती वढून घेतली आतनं. मी सहावा दाना बांधला. सातवा बांधला. नऊ झाले तवा लश्कर आलं, दार उघडलं. भाईर एक म्हातारी भेटली, तिला इचारलं आज काय. ती म्हनली, बारस. मी म्हनलं, बारस कशी? पाडव्याला आत गेल्तो, नऊ दाने हायती माझ्यापशी, दशमी पाहिजे. ती म्हनली, येडी झाली का गं, बारस हाय. अकरा राती गेल्त्या बाई. माझ्या गाठीत नऊच. दोन कुठं गेल्या?"

विमल तिच्याजवळ येऊन पायरीवर बसली.

"ते विहिरीपाशी घावले," साळूबाई म्हणाली. "पर कोन्या दिसी गेले ते कोनालाच ठावं न्हाई. तवा बंदुका रोजच वाजायच्या, कोन हिशेब ठिवतो. सर्वपित्रीला घालते मी पान. ते काय, सगळ्यांचंच. त्यांचा एकट्याचा असा दिस न्हाई. कोनता दिस ते कळंना, मंग रोजच लावते." तिनं केरसुणी उचलली. "पर झाडाचं नुकसान कशाला? दिवा काय, दाराभाईर बी जळतो."

इतकंच. विमल चार दिवस जे बोलू शकली नव्हती ते तिनं एका वाक्यात मिटवलं आणि वऱ्हांडा झाडायला गेली. त्या दिवसापासून पणती कोठीच्या मागच्या भिंतीला, बाहेर, विटांच्या आडोशाला जळू लागली.

दिवाळीची सुटी लागली. विमलनं दाराच्या फटींत काळं फडकं ठासलं, नव्या रोपाच्या कुंडीपर्यंत भिंतीच्या भोकातून नळी नेली म्हणजे पाणी घालायलासुद्धा आत जायला नको, आणि कुलूप घातलं. आठ दिवस तिच्यानं घरात बसवेना. फराळाचं करता करता ती उठून शाळेकडं जायची, बंद दारावर हात ठेवायची, परत यायची. करंज्या करपल्या. शेजारच्या दुर्गाबाई म्हणाल्या, "हिला लग्नाचं सांगा बाई आता कुणीतरी," तेही तिला उशिरा ऐकू आलं. आत काय चाललं असेल? पान आत्ता वर असेल की खाली? आपण या बाजूला, रेडिओवर वेळ सांगतात त्या वेळात, आणि ते त्या बाजूला आपल्या वेळात. आणि दोन्हींमध्ये फक्त एक भिंत. साळूबाईच्या गाठीतून निसटलेल्या दोन रात्री तिला सारख्या आठवायच्या. त्या सहा माणसांना तहान होती, भीती होती. घेवड्याला यातलं काही नव्हतं. तरीही.

नवव्या दिवशी तिनं कागद बाहेर काढला, उन्हात आणला आणि पट्टी लावली. पहिल्या दिवशी पान उठलं ते सकाळी सहाला. दुसऱ्या दिवशी साडेआठला. तिसऱ्या दिवशी अकराला. चौथ्या दिवशी दीडच्या पुढं. रेघ रोज अडीच तास मागं सरकत चालली होती, शिस्तीत, कुणाचं न ऐकता. साडेसव्वीस तास. तिनं पुन्हा मोजलं. दुसरं रोप लावलं, सुटी संपेपर्यंत त्याचाही कागद भरला. सव्वीस तास चाळीस मिनिटं. बाहेरून हाक मारणारं कुणी नव्हतं. झाडाचा आपला एक दिवस होता आणि तो पृथ्वीच्या दिवसापेक्षा लांब होता. रोज सकाळी सूर्य त्याला ओढून पृथ्वीबरोबर आणत होता, एवढंच. विमल कोठीच्या उंबऱ्यावर बसून राहिली. तिला आनंद झाला होता, पण तो अंगात मावत नव्हता. पायांना मुंग्या आल्यासारखा तो तिला टोचत होता.

तिनं प्रोफेसरांना सगळं लिहिलं. पणती, साडेसहा, आठ वर्षं, नवे कागद. उत्तर दहा दिवसांनी आलं. दिव्याचा उल्लेख निबंधात करण्याची गरज नाही. क्षणभराच्या मिणमिणत्या दिव्यानं वनस्पतीवर परिणाम होत नाही. नव्या नोंदींत घड्याळ मागं पडलं असावं किंवा रोप अशक्त असावं. त्या बाजूला ठेवाव्यात. पहिल्या पाच रेघा उत्तम आहेत. जागेसंबंधी संचालकांशी बोलणं झालं आहे. शेवटी त्यांनी लिहिलं होतं, "हाती आलेली गोष्ट शंकेपायी घालवू नये." पत्र प्रेमानं लिहिलेलं होतं, हेच वाईट होतं. वर्गात त्यांनी तिला कधी मुलगी म्हणून मागं बसवलं नव्हतं. तिची परीक्षा राहिली तेव्हा त्यांनी स्वतः दोन पत्रं पाठवली होती.

दिवेलागणीला वडील उठले, गोणपाट वर केलं, चूळ भरली आणि चहाची वाट पाहत ओट्यावर बसले. विमलनं कप हातात दिला आणि तिथंच उभी राहिली.

"काय गं?"

"आबा, तुमचं ते घड्याळ. मागं पडतं का?"

"माझं?" केशवराव दुखावले. "स्टेशनवरचं आहे ते. आठवड्यात एक मिनिट पडलं तर मी मिश्या उतरवीन. कोण म्हणतं?"

तिनं सांगितलं. त्यांनी चहा बशीत ओतला, फुंकर घातली, पण प्यायले नाहीत. मग ते जे बोलले त्याचा तिच्या प्रश्नाशी संबंध नाही असं तिला आधी वाटलं.

"टेंभुर्णीचा एक व्यापारी होता. पोरीच्या लग्नाला जालन्याला आलेला. रात्री अकराला त्याची तार आली. गावाकडं वडील अत्यवस्थ, लगेच निघा. मी म्हटलं, आज हळद लागलीय पोरीला, सकाळी देऊ. एवढं काय. दया आली मला. सकाळी दिली. तो पोचला तेव्हा राख झालेली होती. मला काही बोलला नाही तो. वर्षानं स्टेशनावर भेटला, नमस्कार केला, पुढं गेला." त्यांनी बशी खाली ठेवली. "तू विचारत नाहीस, पण सांगतो. मी एकटा राहीन की नाही ते तू मनात आणू नकोस. जायचं तर जा. पण त्या पणतीसकट जा."

पणतीसकट तिला कुणी घेणार नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी तिनं पत्र टाकलं: पहिल्या पाच नोंदींवरून निबंध वाचायला आपली संमती नाही, त्यांवर आपलं नाव घालू नये, आणि नव्या दोन कागदांच्या नकला सोबत जोडल्या आहेत. पेटीत पत्र पडल्याचा आवाज झाला तेव्हा तिनं नकळत हात पुढं केला, जणू ते परत काढता येईल. डिसेंबरात दोन ओळींचं कार्ड आलं. जागेचा विचार तूर्त स्थगित केला आहे. खाली सही, पूर्ण नावानिशी, शरदचंद्र वालूरकर. एरवी ते नुसतं 'तुमचा सर' लिहीत.

कार्ड आलं त्या दुपारी मुली मैदानावर खो-खो खेळत होत्या. विमल विज्ञानाच्या खोलीत तिसऱ्या रोपाचा कागद टेबलावर पसरून त्यावर लाखेचं पाणी फिरवत होती, काजळी पुसली जाऊ नये म्हणून. थेंब भलतीकडं पडत होते. साळूबाई फरशी पुसायला आली. कागदाशी थांबली.

"ही झाडाची रेघ?"

"हो. प्रत्येक डोंगर म्हणजे त्याचा एक दिवस. खाली मी आपले दिवस लिहिलेत. बघा, याचे सात झाले तेव्हा आपले जवळजवळ आठ झाले होते."

साळूबाईनं ओला हात लुगड्याला पुसला आणि बोट न टेकवता रेघेवरून हवेत फिरवलं. एकदा, दोनदा. मग विचारलं, "ह्याच्यावरनं माझा दिस निघतो का?"

विमलला क्षणभर समजलं नाही. मग समजलं, आणि तिनं ब्रश खाली ठेवला.

"झाडावरनं नाही निघत, साळूबाई. झाडाचं वेगळं, माणसाचं वेगळं. पण तुमच्या स्वतःच्या मोजणीवरनं..." तिनं पाटी ओढली. नऊ दाणे म्हणजे अकरा रात्री. पाच दाणे झाले होते, सहावा बांधायच्या आधी ते बाहेर गेले. म्हणजे साडेपाच धरू. नवाचे अकरा, तर साडेपाचाचे पावणेसात. पाडव्यापासून सहा रात्री मोजल्या तर सप्तमी, सात मोजल्या तर अष्टमी. आकडा अष्टमीकडं झुकत होता. विमलनं मान वर केली. साळूबाई पाटीकडं बघत नव्हती, तिच्या तोंडाकडं बघत होती. अष्टमी म्हणून टाकावं. एक शब्द. नऊ वर्षं या बाईला दिवस नाही. तो आपल्या जिभेवर आहे, आणि कुणाचं काय बिघडणार? बाहेर मुली ओरडत होत्या. पण दाणे सगळे सारख्याच झोपेचे होते, हे तिला कुठं ठाऊक होतं? भीतीत कुणी कधी किती झोपलं असेल?

"नेमका नाही सांगता येत," ती म्हणाली. तिचा आवाज तिला फार कोरडा वाटला. "सप्तमीची रात्र असेल नाही तर अष्टमीची. दोन्हींतली कोणती, ते मला कळत नाही. कुणालाच कळणार नाही."

साळूबाईनं बोटं मोजली, ओठ हलत होते. विमलला वाटलं, आपण हिला पुन्हा अंधारात लोटलं.

"भादव्यातली," साळूबाई म्हणाली. "सप्तमी न् अष्टमी. महालक्ष्म्यांचेच दिस की ते. एक यायचा, एक जेवायचा."

"हो. पण दोन्हींतला कोणता ते—"

"दोनच ना बाई?" साळूबाईचा आवाज फुटला आणि ती पहिल्यांदाच हसली, पदराचं टोक तोंडात धरून. "अकरा व्हते. अकरातनं दोनावर आनलं तुम्ही. दोन दिस मी घालीन की जेवायला. येतील त्या दिसी येतील." ती खाली बसली, बादलीतलं फडकं पिळलं आणि टेबलाखालची फरशी लांब लांब हात मारून पुसू लागली. विमलनं पाय वर घेतले.